शेवाळाचा निळा रंग टिकवावा कसा?

होळी जवळ आली की नागपूरच्या महाल भागातील दुकानांवर साखरेच्या गाठींच्या माळा लटकू लागतात. पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या, हिरव्या अशा नाना रंगांच्या या गाठी होळीला लहान मुलांच्या गळ्यात घालण्याची विदर्भात जुनी रीत आहे. पुढे गुढीपाडव्याला हीच गाठी गुढीवर चढते. पूजेचा मान संपला की ती मुलांच्या पोटात जाते. म्हणून या गाठीला दिलेला रंग हा केवळ शोभेचा प्रश्न राहत नाही. तो आरोग्याचा प्रश्न ठरतो. जे गाठीचे, तेच बर्फीचे, पेढ्याचे आणि सरबताचे.

निसर्गातील रंग वापरावेत असे म्हणणे सोपे आहे. परंतु हलवाई लगेच विचारतो, "तो रंग टिकतो का?" त्याचा प्रश्न रास्त आहे. सकाळी निळी दिसणारी मिठाई संध्याकाळी राखाडी दिसू लागली तर ती कोणी घेणार नाही. नैसर्गिक रंगांपैकी पिवळा, नारिंगी, लाल व हिरवा हे आपल्या शेतात मिळतात. खाण्याजोगा निळा रंग मात्र दुर्मिळ. तो देणारे एक साधन म्हणजे स्पिरुलिना नावाचे शेवाळ. ते गावच्या टाक्यात वाढविता येते. पण त्याचा रंग नाजूक आहे. तो कशाने बिघडतो व कसा राखावा, याची माहिती गावपातळीवरील कार्यकर्त्यांना आणि जोडधंद्याच्या शोधात असलेल्या शेतकरी बंधू-भगिनींना व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे.

कृत्रिम रंगांविषयी थोडेसे

आपल्या देशात अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ साली झाला. पुढे अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ साली संमत झाला आणि त्याखालील नियम २०११ साली अमलात आले. या नियमांनी आठ कृत्रिम रंगांना परवानगी दिली. ती सर्व पदार्थांना नसून ठराविक पदार्थांपुरती आहे, आणि सर्वसाधारण मर्यादा दहा लाख भागांत १०० भाग अशी घालून दिली आहे. याचा सोपा अर्थ असा की, एक किलो मिठाईत १०० मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहावा हिस्सा, यापेक्षा अधिक रंग पडता कामा नये. चिमटीच्या अंदाजाने रंग टाकणाऱ्या कारागिराच्या हातून ही मर्यादा किती सहज ओलांडली जाईल, याचा विचार वाचकांनीच करावा.

याहून वाईट गोष्ट म्हणजे कापड व कागद रंगविण्याचे रंग अन्नात घालणे. मेटॅनिल यलो आणि रोडामाईन बी हे असे निषिद्ध रंग होत. २०२४ च्या फेब्रुवारीत तमिळनाडूत 'म्हातारीच्या केसां'च्या गुलाबी मिठाईत रोडामाईन बी आढळल्यामुळे तिच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. स्वस्त रंगाचे मोल शेवटी मुलांच्या प्रकृतीने चुकवावे लागते, हे यावरून ध्यानात यावे.

हे शेवाळ कोणते?

भंडारा-गोंदियाकडील धान उत्पादकांना नील-हरित शेवाळ खत म्हणून परिचित आहे. धानाच्या बांधीतील असे शेवाळ हवेतील नत्र स्थिर करते, हे पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञाने १९३९ साली दाखवून दिले. स्पिरुलिना याच कुळातील होय. फरक इतकाच की, ते हवेतील नत्र घेऊ शकत नाही. म्हणून त्याला नत्र बाहेरून पुरवावे लागते. सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यास ते मळसूत्रासारखे पीळदार दिसते.

खारट व अल्कधर्मी पाणी हे त्याचे आवडते घर. सामू ९ ते १०.५ असलेल्या पाण्यात, जेथे इतर बहुतेक वनस्पती तग धरीत नाहीत, तेथे ते जोमाने वाढते. विदर्भातील याचे उत्तम उदाहरण म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने बनलेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरातील पाण्याला जो हिरवा रंग दिसतो, त्यात या शेवाळाचा मोठा वाटा आहे. जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झाले. पाणी आटून क्षार वाढल्यामुळे मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा जोर झाला व त्यांच्या रंगद्रव्यामुळे हा बदल घडला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळून आले. परिस्थिती बदलली की सजीवांचा रंगही बदलतो, हा धडा आपल्या विषयालाही लागू पडतो. लोणार हे संरक्षित अभयारण्य असून २०२० पासून रामसर स्थळही आहे. तेव्हा तेथून शेवाळ आणण्याचा विचार कोणीही करू नये.

मानवाने हे शेवाळ फार पूर्वीपासून खाल्ले आहे. आफ्रिकेतील चाड सरोवराच्या काठचे लोक ते गाळून, वाळूवर पसरून वाळवितात व त्याच्या वड्या कालवणात घालतात. मेक्सिकोतील जुने अॅझटेक लोकही टेक्सकोको सरोवरातून ते काढीत. रंग म्हणून त्याचा मान अलीकडचा आहे. अमेरिकेने २०१३ साली स्पिरुलिनाच्या अर्काला गोळ्या-चॉकलेटांसारख्या गोड पदार्थांसाठी रंग म्हणून मान्यता दिली.

रंग का उडतो?

स्पिरुलिनाच्या वाळलेल्या भुकटीत साधारणपणे १० ते २० टक्के निळे द्रव्य असते. त्याला फायकोसायनिन म्हणतात. हे द्रव्य म्हणजे एक प्रथिन होय. या प्रथिनाच्या घडीत रंग देणारा छोटा कण घट्ट बसलेला असतो. घडी शाबूत आहे तोवर निळा रंग झळकतो. घडी उलगडली की कण सैल होतो आणि रंग फिका पडून हिरवट राखाडी होतो. अंडे उकडल्यावर त्याचा पारदर्शक बलक पांढरा होतो व पुन्हा पूर्ववत होत नाही, तसाच हा प्रकार. एकदा गेलेला निळा रंग परत आणता येत नाही. म्हणून सर्व काळजी आधीच घ्यावयाची.

या रंगाचे मुख्य शत्रू चार आहेत.

पहिला शत्रू उष्णता. सुमारे ४५ ते ४७ अंश सेल्सिअसपर्यंत हा रंग बऱ्यापैकी टिकतो. त्यापुढे तो उतरू लागतो आणि ६० अंशांच्या वर झपाट्याने नष्ट होतो. नागपुरात मे महिन्यात सावलीतील उष्णतामानच ४५ अंशांपर्यंत जाते. पत्र्याच्या छपराखालची खोली तर त्याहून तापते. म्हणजे आपल्या भागात हा रंग चुलीवरच नव्हे, तर नुसता ठेवल्या ठिकाणीही बिघडू शकतो.

दुसरा शत्रू आंबटपणा. सामू ५.५ ते ६ च्या आसपास हा रंग सर्वांत सुखरूप असतो. लिंबू, चिंच, आमसूल यांच्या संगतीत प्रथिन साकळते व रंग गढूळ होऊन तळाशी बसतो. सोडा अधिक झाला तरीही तो टिकत नाही.

तिसरा शत्रू उजेड. हळदीचा डाग पडलेले कापड उन्हात वाळत घातले की डाग फिका होतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. निळ्या रंगाचेही तसेच आहे. काचेच्या बरणीतून येणारा उजेडही त्याला पुरेसा बाधक ठरतो.

चौथा शत्रू पाणी. ओलसर अर्कात जंतू वाढतात व प्रथिन कुजते. कोरड्या भुकटीत हीच क्रिया फार मंद असते.

उपाय कोणते?

शत्रू कळले की उपाय आपोआप सुचतात. थंडपणा, अंधार, कोरडेपणा आणि सौम्य सामू ही रंग राखण्याची चतुःसूत्री होय. याखेरीज एक उपाय विशेष उपयोगाचा आहे. तो म्हणजे साखर. साखरेचे दाट द्रावण प्रथिनाची घडी आवळून धरते व ती सहजासहजी उलगडू देत नाही. प्रयोगशाळांतून झालेल्या कामात साखर, ग्लुकोज, मध अशा गोड द्रव्यांच्या दाट द्रावणात हा रंग उष्णतेला अधिक काळ तोंड देतो, असे दिसून आले आहे. लोणच्यात मीठ जे काम करते, त्याच्याशी जुळणारे हे काम आहे: पाण्याचा मोकळेपणा कमी करून पदार्थ राखणे. मोठ्या कारखान्यांत रंगाचे सूक्ष्म कण अल्जिनेटसारख्या आवरणात बंद करतात किंवा साखरेच्या जातीच्या द्रव्याबरोबर त्याची भुकटी करतात. तत्त्व तेच, साधने निराळी.

संशोधकांनी निराळी वाटही शोधली आहे. आम्लयुक्त उष्ण झऱ्यांत वाढणाऱ्या गॅल्डिएरिया नावाच्या शेवाळाचा निळा रंग आंबट पदार्थांत अधिक टिकाऊ असतो. अमेरिकेने मे २०२५ मध्ये त्याच्या अर्काला अन्नरंग म्हणून मान्यता दिली. तो आपल्या गावातील टाक्यात करण्याजोगा नाही. पण रंगाचा टिकाऊपणा वाढविण्याचे प्रयत्न जगभर कोणत्या दिशेने चालले आहेत, हे यावरून समजते.

टाक्यापासून बरणीपर्यंत

रंगाची काळजी टाक्यापासूनच सुरू होते. दहा चौरस मीटर क्षेत्रफळाचे व २० सेंटिमीटर पाण्याचे टाके घेतल्यास त्यात २,००० लिटर पाणी मावते. झारूक या संशोधकाच्या प्रसिद्ध द्रावणात दर लिटरला १६.८ ग्रॅम खाण्याचा सोडा असतो. खेड्यातील कमी खर्चाच्या पद्धतीत ८ ग्रॅमवर काम भागवितात. त्या हिशेबाने वरील टाक्याला १६ किलो सोडा लागेल. नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम व लोह हे इतर घटक शुद्ध प्रतीचेच घ्यावेत. शेतातील खतात जड धातूंचे अंश असू शकतात आणि शेवाळ ते शोषून घेते.

या शेवाळाला ३० ते ३५ अंश उष्णतामान मानवते. डिसेंबर-जानेवारीत वाढ मंदावते, तर एप्रिल-मे मध्ये पाणी तापून वाढ मरण्याचा धोका असतो. त्यासाठी उन्हाळ्यात टाक्यावर सावलीची जाळी अवश्य टाकावी. दिवसातून अनेक वेळा पाणी ढवळावे. पांढरी चकती काठीला बांधून पाण्यात सोडावी. ती सुमारे ३ सेंटिमीटर खोलीवरच दिसेनाशी झाली की पीक काढणीस आले असे समजावे.

काढणी सकाळी थंड वेळी करावी. बारीक विणीच्या कापडातून पाणी गाळावे, हाती आलेला लगदा स्वच्छ पाण्याने धुऊन सोडा काढून टाकावा व दाबून निथळावा. मग तो शेवयांच्या सोऱ्यातून बारीक धाग्यांच्या रूपाने जाळीवर पाडावा. धागे जितके बारीक तितके ते लवकर वाळतात. ते उघड्या उन्हात न वाळविता, वरून झाकलेल्या व हवा खेळत्या वाळवणी यंत्रात ४० ते ४५ अंशांच्या आत वाळवावेत. धागा कटकन मोडला म्हणजे वाळला. भुकटी लगेच हवाबंद, अपारदर्शक डब्यात भरावी आणि घरातील सर्वांत थंड जागी ठेवावी.

उत्पन्नाविषयी अवास्तव अपेक्षा नसावी. चांगल्या हंगामात दर चौरस मीटरला दिवसाकाठी ५ ते ८ ग्रॅम कोरडे शेवाळ मिळते. म्हणजे वरील टाक्यातून रोज ५० ते ८० ग्रॅम भुकटी. निष्काळजीपणे वाळविल्यास वजन तेवढेच भरते, पण निळे द्रव्य बरेच नाहीसे झालेले असते. भुकटी तीच, मोल मात्र निम्मे. रंगाच्या व्यवहारात खरा तोटा येथेच होतो.

रंग काढणे व वापरणे

निळे द्रव्य पाण्यात विरघळते. हिरवे व नारिंगी द्रव्य शेवाळातच राहते. या गुणाचा उपयोग करून घ्यावा. एक भाग भुकटी व २५ भाग उकळून थंड केलेले पाणी एकत्र करून शीतपेटीत काही तास ठेवावे व नंतर घट्ट विणीच्या कापडातून हळूच गाळावे. वर सुंदर निळे पाणी येते. चांगल्या अर्काची खूण अशी की, तो उजेडात धरून बाजूने पाहिला असता त्यात तांबूस झाक दिसते. ही झाक नाहीशी झाली असेल तर प्रथिनाची घडी मोडली असे समजावे. अर्क निघताच त्यात भरपूर साखर विरघळवून तो गडद रंगाच्या बाटलीत, शीतपेटीतच ठेवावा आणि लवकर वापरून टाकावा.

आता महालातील गाठीचे उदाहरण घेऊ. गाठीसाठी साखरेचा पाक शंभर अंशांच्या बराच वर तापवून तो गरम असतानाच साच्यात ओततात. त्या पाकात निळा अर्क टाकल्यास साखर असूनही रंग वाचणार नाही, कारण उष्णता फार असते. त्याऐवजी गाठी पांढरीच पाडावी. ती पूर्ण थंड झाल्यावर पिठीसाखर व निळा अर्क यांचा दाट लेप कुंचल्याने तिच्यावर द्यावा व तो सावलीत सुकू द्यावा. साखर व कोरडेपणा या दोहोंचा लाभ रंगाला मिळतो. माळा उन्हात टांगून न ठेवता कागदात गुंडाळून विकाव्यात. गाठीचा हंगाम होळी ते पाडवा इतकाच असल्यामुळे रंगाला फार दिवस टिकण्याची गरज नाही, ही गोष्टही सोयीची आहे.

बर्फी व पेढा यांना हा रंग मानवतो, कारण दुधाचा सामू ६.६ च्या जवळपास असतो. मात्र खवा चुलीवरून उतरवून, बोट सहज सोसवेल इतपत निवाल्यावरच रंग मिसळावा. हा बोटाचा अंदाज साधारण ४५ अंशांच्या आत पडतो. निळ्यात हळदीचा पिवळा मिसळल्यास हिरवा रंग साधतो. लिंबाचे वा संत्र्याचे सरबत यांत मात्र स्पिरुलिनाचा निळा रंग वापरू नये. संत्रा बर्फीला नारिंगी छटा हवी असेल तर तेथे कॅरोटीन योग्य. ते तुपात विरघळते, खव्यात चांगले मिसळते व आंबटपणाने बिघडत नाही. त्याला हवा व उजेड यांपासून जपले म्हणजे झाले.

गावात करून पाहावयाचा प्रयोग

सांगण्यापेक्षा दाखविणे बरे. बचतगटाच्या बैठकीत पुढील प्रयोग सहज करता येईल. एकाच अर्काच्या पाच लहान बाटल्या भराव्यात. पहिली थंड व अंधाऱ्या जागी ठेवावी. दुसरी उन्हात ठेवावी. तिसरीत लिंबू पिळावे. चौथी गरम पाण्याच्या भांड्यात अर्धा तास ठेवावी. पाचवीत विरघळेल तितकी साखर घालून ती चौथीच्या शेजारीच त्याच भांड्यात ठेवावी. लिंबाच्या बाटलीतील फरक लगेच दिसेल, गरम पाण्यातील अर्ध्या तासात दिसेल व उन्हातील दिवसभरात दिसेल. चौथी व पाचवी यांतील फरकही ताडून पाहावा. ज्या भगिनींनी हा प्रयोग एकदा पाहिला, त्यांना वरील नियम पाठ करावे लागणार नाहीत.

काही महत्त्वाच्या सूचना

तलावाच्या पृष्ठावर येणारी हिरवी साय म्हणजे स्पिरुलिना नव्हे. महालालगतच्या गांधीसागर तलावातील असो वा गावच्या तळ्यातील असो, अशी साय खाण्यासाठी कधीही काढू नये. नील-हरित शेवाळाच्या काही जाती यकृताला घातक असे विष तयार करतात. वाण नेहमी खात्रीच्या संस्थेकडूनच घ्यावे.

२०११ च्या नियमांतील नैसर्गिक रंगांच्या यादीत कॅरोटीन, हरितद्रव्य, रायबोफ्लेविन, कॅरामेल, अॅनाटो म्हणजे शेंदरी, केशर व हळदीतील कुर्कुमिन यांची नावे होती. शेवाळाचा निळा अर्क रंग म्हणून विकण्यापूर्वी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाऊन चालू नियमांची लेखी खातरजमा करावी आणि अन्नव्यवसायाचा परवाना घ्यावा.

तिसरी सूचना पैशाविषयी आहे. "टाके आम्ही बांधून देतो, सर्व माल आम्हीच विकत घेतो" असे सांगणारे मध्यस्थ भेटतात. अशा बोलण्यावर विसंबून कर्ज काढू नये. आधी एक लहान टाके चालवावे, आपल्या भुकटीतील निळ्या द्रव्याचे प्रमाण प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, दोन-चार हलवायांना नमुना द्यावा व मागणी पाहूनच धंदा वाढवावा. ज्यांच्याकडे पाण्याची टंचाई आहे किंवा उन्हाळ्यात वीज भरवशाची नाही, त्यांनी हळदीकडे लक्ष देणे अधिक शहाणपणाचे. वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि पिवळ्या रंगासाठी तिच्यासारखे घरचे साधन दुसरे नाही.

नैसर्गिक रंग कृत्रिम रंगाइतका भडक व चिवट नसतो, हे ग्राहकालाही सांगितले पाहिजे. फिकी गाठी ही वाईट गाठी नव्हे. आपल्या मुलांच्या गळ्यात पडणारी माळ किती दिवस चमकते यापेक्षा ती पोटात गेल्यावर काय करते, हे महत्त्वाचे आहे. येत्या होळीपूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या क्षेत्रातील एका तरी बचतगटापुढे पाच बाटल्यांचा प्रयोग करून दाखवावा आणि एका तरी हलवायाला थंड गाठीवर रंग चढविण्याची रीत समजावून द्यावी.